काकांशी वाद घालणाऱ्यांसाठी प्राथमिक सूचना

गौतमाने न्यायसूत्रांत हेत्वाभास, म्हणजे युक्तिवादातले दोष, पाचच सांगितले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले मराठी काका त्याला भेटलेले नसावेत. म्हणून ही पुरवणी.

सूचना पहिली: हत्ती आधी बाजूला काढा. जयविलास महालाच्या दरबार हॉलात दोन झुंबरं आहेत, प्रत्येकी साधारण साडेतीन टनांची. ती टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून मजबुती तपासली, ही गोष्ट आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी मिळते. हत्ती कोणी आठ सांगतं, कोणी दहा. शंका काढली की काका विचारतात, "झुंबर पडलं का? नाही ना? मग?"

या 'मग'पाशी त्यांना धरा. हत्ती चढूनही छत टिकलं तर ते मजबूत, हे कबूल. पण छत मजबूत आहे म्हणजे हत्ती चढलेच, हे कुठून आलं? अंगण ओलं दिसलं म्हणून पाऊसच पडला असं नाही. शेजारच्या काकूंनी सडा घातलेला असतो. एवढं शांतपणे सांगितलंत की काका म्हणतील, "तू होतास का तिथे?" महाल 1874 चा. काकाही नव्हते, पण हे त्यांना तोंडावर सांगायला वेगळी छाती लागते.

सूचना दुसरी: शून्याच्या जवळ जाऊ नका. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. 876 चा शिलालेख आहे. त्यात 270 आणि 50 हे आकडे शून्यासकट कोरलेले आहेत. यावरून, कचोरीवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाजलं तरी, हिशेब काकांचाच बरोबर ठरतो. कंबोडियात 683 सालचं शून्य सापडलंय, असं सांगून बघा. "तिथे कोण जातंय?"

सूचना तिसरी: चिंच. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो. इथे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तीही चिंचेचीच. मूळ झाड कधीच गेलं, तरी नवीन झाड जुन्याचं काम बघतं. आमच्या ग्वाल्हेरच्या गवयांचंच बघा: शंकर पंडितांना निसार हुसेन खाँसाहेबांनी शिकवलं, त्यांनी पुढे मुलाला, कृष्णरावांना तयार केलं. ही सगळी मेहनत विसरायची आणि श्रेय पाल्याला द्यायचं! अशा वेळी एकच विचारा: पाला खाऊन गवई न झालेले किती? बकऱ्या धरून सांगा.

सूचना चौथी: जमलं तर हे काम घरातल्या काकूंवर सोपवा. आमच्या काकूंना गौतम माहीत नाही. परवा तानसेन समारोहाहून परतल्यावर काका पुन्हा चिंचेवर आले, तेव्हा त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "तुम्ही दर डिसेंबरात खाता. मग आरतीला सूर कुठे जातो?"

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो पाला कोवळा नव्हता."