निवासी शाळेतला रविवार: रिकामे राहण्याची रीत

नांदेड, लातूर, उदगीरकडची मुले ट्रंक घेऊन सिकंदराबादला उतरतात, तोवर अभ्यासाच्या सूचना ऐकून त्यांचे कान किटलेले असतात. रविवारबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढलेला नसतो. आठवडाभर घंटाच मुलाला ढकलत नेते. रविवारी ते मोकळे सुटले तर काय करील, या धास्तीने शाळा नोटीस बोर्डावर 'सामूहिक उपक्रम' लावते: पहाटे योगासने, मग श्रमदान, मग सहल, संध्याकाळी समूहगान, रात्री सिनेमा. नायक-नायिका जवळ आले की वॉर्डन सर पडद्यासमोर उभे राहतात. तेवढा उपक्रम त्यांचा एकट्याचा. या गर्दीतून तासभर काहीही न करता काढणे ही एक विद्या आहे. ती अभ्यासक्रमात नाही, म्हणून हे मार्गदर्शन.

पहिले पथ्य असे की एकट्याने कधी रिकामे बसू नये. एकटा बसलेला मुलगा 'होमसिक' ठरतो, त्याला समुपदेशक मॅडमकडे नेतात आणि तिथे झाडाचे चित्र काढावे लागते. चौघांनी मिळून काहीच केले नाही, तर ते गटकार्य होते.

श्रमदानात खराटा घेऊ नये, पाण्याचा पाइप धरावा. पाइप धरलेल्याला दुसरे काम कोणी सांगत नाही. नळाला पाणी नसेल तर सोन्याहून पिवळे, कारण पाण्याची वाट पाहणे हेही श्रमदानातच मोजतात.

सहलींत सालारजंग संग्रहालयाला तोड नाही. तिथल्या संगीत घड्याळात तास भरत आला की एक दाढीवाला चिमुकला माणूस दारातून बाहेर येतो, टोले देतो आणि परत आत जातो. सर्वांत जास्त टोले बाराला पडतात, म्हणून झाडून साऱ्या शाळा बाराचाच मुहूर्त धरतात. जाणत्या विद्यार्थ्याने सव्वाअकरालाच समोर बैठक मारावी. सरांनी विचारल्यास "जागा धरतोय, सर" एवढेच म्हणावे. बाकीचा वर्ग तलवारी, हस्तिदंत आणि बुरखा पांघरलेली संगमरवरी रिबेका पाहत वहीत नोंदी करत फिरत असतो. आपण पाऊण तास घड्याळातल्या लोहाराकडे पाहावे. तो दर सेकंदाला हातोडी मारतो. त्या अंगणात तेव्हा काम करणारा तो एकटाच.

गोवळकोंड्याला अधिक सावध राहावे लागते. फतेह दरवाज्यात टाळी वाजवली की ती किलोमीटरभर दूर, वर बालाहिसारला ऐकू येते. साहजिकच गटाचे दोन भाग पडतात, वाजवणारे आणि ऐकणारे. ऐकणाऱ्यांच्या वाट्याला सुमारे ३६० पायऱ्या येतात. आपण विज्ञानाच्या हितासाठी खाली थांबावे, दरवाज्याच्या गारव्यात टेकावे आणि अधूनमधून एक टाळी द्यावी.

क्रिकेटमध्ये सीमेवरचे झाड पकडून क्षेत्ररक्षण करावे, किंवा सरळ कॉमेंट्री करायला बसावे. समालोचक हर्षा भोगले याच शहरातले, बेगमपेठच्या हैदराबाद पब्लिक स्कूलचे विद्यार्थी, हे पीटीच्या सरांना आठवण म्हणून सांगावे. भोगले उस्मानिया विद्यापीठाकडून खरोखर खेळलेही होते, हे सांगण्याचे कारण नाही.

समूहगानात मागच्या रांगेत उभे राहून नुसते ओठ हलवावेत. या शहरात वसतिगृहातले गाणे एके काळी भलतेच महाग पडले होते. १९३८ साली उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून निजामाच्या राज्यात त्यांची नावे काढून टाकली गेली आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना पदरात घेतले. त्या चळवळीपायी नागपूर गाठणाऱ्यांत पी. व्ही. नरसिंह रावही होते. हल्ली गाण्यामुळे कुणाला काढत नाहीत. सूर ऐकले की वाटते, क्वचित काढायला हरकत नव्हती.

बोर्डावर न लागणारा एकच उपक्रम आहे, आणि तो कोणी चुकवत नाही. कुणाचे आईवडील भेटून गेले की त्या रात्री दिवे मालवल्यावर डबा उघडतो. स्टीलचे झाकण टक्‌ करून वाजते, म्हणून डबा आधी टॉवेलमध्ये गुंडाळावा आणि उघडणाऱ्याबरोबर दुसऱ्याने खोकावे. अंधारातून "क्या लाया रे?" असे आले की लपवाछपवी करू नये, बेसनाच्या लाडवाचा वास तीन पलंगांपलीकडे गेलेलाच असतो. पहिला लाडू वरंगळच्या मुलाला द्यावा, त्याच्या ट्रंकेत आवकाय, म्हणजे कैरीचे तिखट लोणचे असते आणि मेसच्या पप्पूला, म्हणजे वरणाला, त्याच्याशिवाय गती नाही. शेंगदाण्याच्या चटणीचा पुडा मात्र गादीखाली दाबून ठेवावा. माणुसकीलाही मर्यादा हवी.

शेवटी घरी फोन. रांगेत तासभर उभे राहावे लागते. तोही रिकामाच, पण पुढचा मुलगा "हौ, हौ" म्हणत आजीशी बोलत असल्याने त्यात मन लागत नाही. पाळी आली की आई आधी "जेवलास का?" विचारते आणि मग "आज काय केलंस रे?" इथे भलेभले घसरतात. "काही नाही" हे खरे उत्तर चुकूनही देऊ नये. आईला काळजी वाटते, ती वॉर्डन सरांना फोन लावते आणि पुढच्या रविवारी बोर्डावर हस्तकला वाढते. "गोवळकोंडा पाहिला, बाग झाडली, गाणं म्हटलं" असे एका दमात सांगावे आणि लगेच पुढच्या डब्याचे काढावे.