गडग्यापलीकडचा जांभळा उजेड

"वयनीनू, रात्री तो जांभळो उजेड बघलात काय?"

सकाळचे साडेसात. मी परसात अबोलीला पाणी घालत होते आणि सुमनवहिनी गडग्यावर कोपरं टेकून उभ्या होत्या. आमचा गडगा जेमतेम कमरेएवढा, दगडावर दगड ठेवलेला. वेंगुर्ल्याच्या या अंगाला, अरवली-शिरोड्याच्या पट्ट्यात, पाहुणे फाटकातून येतात आणि बातम्या गडग्यावरून.

"कसला उजेड?"

"त्या चेडवाच्या खोलयेत. तोंडाक फडका, हातात मोजे, खिडकी सताड उघडी. आणि वास! माका तर कायतरी येगळाच वाटता."

चेडू म्हणजे मयुरी, पलीकडच्या घरातल्या आयेची नात. बी.एस्सी. झाली, वर्षभर नोकरी शोधली आणि एक दिवस कुरिअरवाला तिच्या नावाची खोकी आणून टाकायला लागला. आवाटात, म्हणजे आमच्या शेजारपाजारात, तेवढ्यावर तीन कथा तयार झाल्या. एका कथेत ती केक करत होती, दुसरीत औषधं आणि तिसरी मी इथे लिहिणार नाही.

शेवटी मीच गेले. विचारलं की माणसं सांगतात, पण मग गडग्यावर बोलायला काही उरत नाही, म्हणून आपण विचारत नाही. पडवीतल्या जुन्या टेबलावर वजनकाटा, कागदी पेले, आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरासारखे मऊ साचे मांडलेले. साच्यात पाण्यासारखं काहीतरी, आणि त्या पाण्यात सुरंगीचं एक फूल, पाकळ्या उघडून तरंगत होतं.

"रेझिन आहे, काकी. कानातली करतेय."

आये आतून म्हणाल्या, "रेझिन म्हणजे राळ मा? धुपाटण्यात घालतत ती?"

नावानं तीच. झाडाची ती राळ, आणि सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी आंब्या-केळ्यांवर ज्या लाखेचा रंग चढतो, तीही राळच, फक्त किड्यानं दिलेली. मयुरीची राळ कारखान्यातली. दोन बाटल्या असतात, एकीत रेझिन आणि दुसरीत ते घट्ट करणारं हार्डनर. घरात तुटलेला कप चिकटवायला ॲरल्डाइटच्या दोन ट्यूबा आपण पिळतो ना, त्याच घराण्यातली. तिनं आणखी एक गंमत सांगितली. पिएर कास्तां नावाच्या एका स्विस रसायनशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात यावर काम केलं ते दातांच्या कवळ्या करायला.

आयेंनी कवळी काढून हातात धरली. "म्हणजे ह्या कानातल्याचा नि माझ्या तोंडाचा नाता आसा तर!"

जांभळ्या उजेडाचा उलगडाही तिथेच झाला. दुसऱ्या एका जातीचं रेझिन अतिनील दिव्याखाली धरलं की काही मिनिटांत घट्ट होतं. हुकाचा सांधा पक्का करायला किंवा वरून एक चकचकीत थेंब द्यायला ती ते वापरते. मास्क आणि मोजे अशासाठी की ओलं रेझिन कातडीला बाधतं. एकदा का अंगाला त्याची ॲलर्जी बसली की जात नाही, पुढे नुसत्या वासानंही खाज सुटते. खिडकी उघडी का, तेही कळलं. मी परत येऊन गडग्यावर हे सगळं सांगितलं तेव्हा सुमनवहिनींचा चेहरा पडला. केक निघाला असता तरी चाललं असतं.

आता हे काम कसं चालतं ते सांगते, कारण मी त्यानंतर रोज जायला लागले. पाकातल्या वड्या करणाऱ्या बाईला ते लगेच कळेल. तिच्या बाटलीवर लिहिलंय तीनास एक, वजनानं. तीस ग्रॅमला दहा ग्रॅम. अंदाजपंचे घातलं की संपलं, पाक कच्चा राहावा तसं ते जन्मभर चिकट राहतं. पहिल्या खेपेला तिनं 'थोडं जास्त हार्डनर घातलं तर लवकर वाळेल' असं ठरवलं. ते वाळलं नाहीच, वर साचाही गेला. ढवळायचं सावकाश, तीन-चार मिनिटं, कडा आणि तळ खरवडत. भराभर फेटलं तर बुडबुडे होतात, आणि कानात लटकणारा बुडबुडा कुणी विकत घेत नाही. मग चोवीस तास हात लावायचा नाही. पुरतं कडक व्हायला तीन दिवस.

एकदा तिनं घाई केली. मोठ्या ट्रेसाठी सगळं एकाच पेल्यात कालवलं आणि फोन आला म्हणून बोलत बसली. हे मिश्रण घट्ट होताना स्वतःच तापतं. पसरलं तर ऊब निघून जाते, पेल्यात साठलं तर तिथेच कोंडते. पेला वाफाळायला लागला, धूर आला. तिनं चिमट्यानं उचलून खळ्यात ठेवला. आयेंनी तुळशीला हात जोडले. सुमनवहिनींनी गडग्यावरून विचारलं, "काय शिजता गो?"

फुलांचं तर वेगळंच शास्त्र. ओलं फूल घातलं की आत काळं पडतं, कडेनं बुडबुडे धरतं. म्हणून आधी वाळवायचं. बुटांच्या खोक्यात पुडी येते ना, त्यातले सिलिका जेलचे दाणे डब्यात भरून फूल आठवडाभर त्यात पुरायचं. आमच्याकडची सुरंगी फाल्गुन-चैत्रात फांद्यांना चिकटून फुलते. पहाटे काढायची, वळेसर करायचे, आणि दुपारपर्यंत माळलेल्या केसांत ती मलूल. मयुरीनं तिला डब्यात घातलं आणि पिवळ्याचा मधासारखा रंग झाला, पण पाकळी न् पाकळी शाबूत. पहिली जोडी तयार झाली तेव्हा सुमनवहिनींनी ती उचलली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "वास खय गेलो?"

मयुरीला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. वास राहत नाही, एवढंच खरं.

जून लागला आणि सगळा धंदा ओला झाला. आमच्याकडे पावसात मिठाला पाणी सुटतं, तिथे रेझिन काय करणार? दमट हवेत हार्डनर ओलावा ओढतं आणि वर पांढुरकी, चिकट साय धरते. सतरा जोड्या वाया गेल्या. मग तिनं भांड्यांच्या जुन्या कपाटात बल्ब लावला, साचे आत ठेवून दार लावलं, आणि आभाळ उघडेल त्या दिवशीच ओतायची शिस्त केली. वाया गेलेल्या जोड्या तिनं फेकल्या नाहीत. बरणीत भरून बरणीवर चिठ्ठी लावली: 'फी'.

आता खरी गोष्ट, भावाची.

दिवाळीनंतर तिनं माल पहिल्यांदा गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेला. सोबत मी आणि सुमनवहिनी. मला मिरच्या घ्यायच्या होत्या आणि वहिनींना काय होतं ते बघायचं होतं. एका बाजूला चोरिसांच्या माळा, दुसऱ्या बाजूला मातीची भांडी आणि मध्ये आमची सुरंगी. भाव जोडीला अडीचशे. लोक थांबायचे, हातात घ्यायचे, "प्लास्टिक?" म्हणायचे आणि सोलांचा भाव विचारायला पुढे जायचे. संध्याकाळपर्यंत तीन जोड्या गेल्या. म्हापशाला माणूस घराच्या यादीचं सामान घ्यायला येतो आणि त्या यादीत कानातलं नव्हतं. ही चूक मालाची नव्हती, वाराची होती.

पण परतीच्या बसमध्ये सुमनवहिनींनी दुसरंच धरलं. "खर्च किती गो येता एका जोडयेक?"

मयुरी सरळ मुलगी. म्हणाली, "सामानाचा सत्तेचाळीस रुपये."

"सत्तेचाळिसाचा अडीचशाक? ह्या काय सोना आसा? उद्या मोडूक गेलंस तर दोन पैशे तरी येतले?"

मी खिडकीबाहेर बघितलं. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं.

मयुरीनं वही काढली. रेझिन, स्टीलचे हुक, पुठ्ठ्याचं कार्ड, पिशवी मिळून ४७. दहात तीन-चार जोड्या बिघडतात, त्यांचा वाटा १५. जागेचं भाडं आणि बस, वीस जोड्या खपल्या असं धरून जोडीमागे ४०. झाले १०२. आणि मग एक रकाना, त्यावर लिहिलेलं 'हात'. फूल वाळवणं, ओतणं, साच्यातून काढणं, चारशेपासून दोन हजार नंबरपर्यंतच्या पॉलिशपेपरनं पाण्यात घासणं, भोक पाडणं, हुक लावणं असा मिळून एक तास. त्याचे १००. राहिलेल्या ४८ त फाटणारे साचे, दिवा आणि पुढच्या पावसाळ्याची बरणी.

"हाताचे पैशे?" सुमनवहिनी हसल्या. "हात आपलेच मा?"

मयुरीनं वही मिटली. त्यानंतर घर येईपर्यंत कुणी बोललं नाही.

पुढच्या खेपेला ती आम्हा दोघींना घेऊन बुधवारी हणजुण्याच्या बाजारात गेली. हा बाजार फिरायला आलेल्यांचा, तिथे यादी घेऊन कुणी येत नाही. म्हापशाला शिकलेलं तिनं तिथे लावलं. आयेंचा चांदीच्या चौकटीचा आरसा नेला, कारण बाई कानाला लावून बघितल्याशिवाय घेत नाही. भाव पाटीवर ठळक लिहिला, म्हणजे निम्मी घासाघीस बोलण्याआधीच संपते. वर चादर ताणली, कारण उन्हात रेझिन पिवळं पडतं. प्रत्येक कार्डाच्या मागे दोन ओळी: अत्तर मारून झाल्यावर घाला, गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. आणि विकायला कोण बसलं? सुमनवहिनी! मयुरीचं ऐकून नव्हे, 'बघूया तरी' म्हणून.

पुण्याच्या एक बाई आल्या. जोडी उचलली, नाकाशी नेली. वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि मग त्या बाईंना सांगायला लागल्या: ही सुरंगी, आमच्या वाडीतली, पहाटे काढलेली, वळेसर केला तर दुपारी सुकते, वास राहिला नाही, पण फूल राहिलं बघा. बाईंनी दोन जोड्या घेतल्या. पाठोपाठ दुसऱ्या एक आल्या आणि म्हणाल्या, "असलं ऑनलाइन शंभरला मिळतं. दीडशे घ्या."

वहिनींचा आवाज चढला. "शंभराक मिळता तर थंयच घेवा! ह्या घासूक एक तास लागता, म्हायत आसा?"

मयुरीनं खाली मान घालून पिशवी शोधायचं निमित्त केलं. मी आरसा पुसला.

त्या दिवशी एकवीस जोड्या गेल्या. परतताना सुमनवहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माज्या आगळाचो हिशेब करतंस?"

सुमनवहिनींचं कोकमाचं आगळ आमच्या आवाटात प्रसिद्ध. दर मे महिन्यात रातांबे काढायचे, फोडायचे, बिया वेगळ्या करायच्या, मीठ घालून रोज हलवायचे, गाळायचं, भरायचं. चाळीस बाटल्या, एकशेवीसला एक. आम्ही शेजारी तर शंभरच द्यायचो, तेही 'नंतर देते' म्हणून.

मयुरीनं बसच्या धक्क्यांत लिहिलं. रातांबे घरचे असले तरी तसेच विकले असते तर १,८०० आले असते, ते धरायचे. बाटल्या, मीठ ८००. रिक्षा ४००. एकूण ३,०००. विक्री ४,८००. राहिले १,८००. आणि तास? वहिनींनी बोटं मोजली, झाडावर चढणाऱ्याची मजुरी नाही म्हणून स्वतः आकडीनं काढलेले दिवस मोजले, रात्री बिया काढत बसलेल्या वेळा मोजल्या. साठ तास.

"तासाला तीस रुपये, काकी."

काजू वेचायला बाई लावली तर तिला आम्ही याहून जास्त देतो. हे तिघींनाही माहीत होतं, म्हणून कुणी बोललं नाही. मला माझ्या 'नंतर देते' च्या बाटल्या आठवल्या. त्या किती झाल्या असतील ते मी इथे सांगत नाही.

तर अशी गोष्ट. मयुरी अजून श्रीमंत झालेली नाही. पावसाळ्यात तिचा धंदा जवळजवळ बंदच असतो आणि 'फी'ची दुसरी बरणी भरत आली आहे. चार बायका तिच्याकडे शिकायला आल्या होत्या, त्यातल्या दोघी काटा वापरायचा कंटाळा करून गेल्या. खोलीत जांभळा उजेड अजून लागतो, पण आता त्याच्याकडे कुणी बघत नाही.

या मे महिन्यात सगळा आवाट बघत होता तो सुमनवहिनींच्या पडवीतल्या पाटीकडे. मयुरीनंच लिहून दिलेली: कोकम आगळ, १६० रुपये. दोन दिवस गडग्यावर दुसरा विषय नव्हता. महाग झाली, डोक्यात हवा गेली, ते चेडू शिकवतं, असं सगळं बोलून झालं. तिसऱ्या दिवशी मी गेले. वहिनी म्हणाल्या, "एकशेसाठ. परवाडला तर घेवा."

मी दोन बाटल्या घेतल्या आणि तीनशेवीस रुपये तिथेच मोजून दिले.