गडगडता दगड, वाकडं अंगण

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत भेटायचं. पहिली चार वर्षं बिनघोर जायची आणि पाचवीच्या जूनमध्ये शाळेचं छप्पर आणि इंग्रजी एकदमच डोक्यावर गळायला लागायचं. पुढे २००० साली सरकारनं इंग्रजी पहिलीपासून आणलं. छपराचं मात्र काही ऐकण्यात नाही.

आठवीत म्हणी आल्या. गाइडात पानाच्या डावीकडे इंग्रजी म्हण, उजवीकडे 'समानार्थी मराठी म्हण' आणि मधे एक उभी रेघ. मला ती रेघ अंतरपाटासारखी वाटायची. अलीकडे-पलीकडे दोन अनोळखी पार्ट्या उभ्या, कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही, आणि गाइडवाले भटजी 'सावधान' म्हणून मोकळे. काही जोडपी चांगली निघाली. 'एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज' आणि 'उथळ पाण्याला खळखळाट फार' यांचे छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले. हत्यारांना नावं ठेवणारा तो इंग्रजी कारागीर, 'अ बॅड वर्कमन'वाला, आणि 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणणारी आपली बाई, यांचाही संसार सुखाचा झाला. पण 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स' या गरीब शेतकऱ्याच्या गळ्यात गाइडवाल्यांनी 'वाहत्या गंगेत हात धुवून घेणे' बांधली, तेव्हाच हे प्रकरण काही खरं नाही असं मला वाटलं होतं. तो बिचारा उन्हात राबणारा आणि ही टेंडरावर डोळा ठेवणारी!

शिवाय त्या म्हणीत आणखी एक भानगड होती. आमचे इंग्रजीचे सर मूळचे गणिताचे. इंग्रजीचा मास्तर बदलून गेला आणि दुसरा येईपर्यंत यांनी सांभाळायचं ठरलं. दुसरा आलाच नाही. सर म्हण प्रमेयासारखी फळ्यावर मांडायचे आणि आमच्याकडून शब्दाशब्दाचा अर्थ सोडवून घ्यायचे. मेक म्हणजे करा. सन म्हणजे सूर्य. शाइन्स म्हणजे चमकतो.

"आणि 'हे' म्हणजे?" सरांनी विचारलं.

"हे म्हणजे हे, सर," मागच्या बाकावरून उत्तर आलं. "ऊन आहे तोवर हे करा."

"हे म्हणजे काय करा?"

"ते दिलेलं नाही, सर."

पुढच्याच आठवड्यात 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन' निघाली आणि इथेही नऊ काय ते दिलेलं नव्हतं. कुणी म्हणालं नऊ वाजले, कुणी नवग्रह काढले. एकाला मांजराचे नऊ जन्म आठवले. सरांनी शेवटी उत्तर काढलं की वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ वाचवतो. आणि हे उत्तर माझ्यापुरतं सिद्धही करता येत होतं. माझी खाकी चड्डी मागे एका शिवणीत उसवली होती. आईनं सोमवारी सांगितलं, "काढून दे, एक टाका घालते." मी नाही दिली, कारण चड्ड्या दोनच आणि दुसरी दोरीवर ओली. गुरुवारी कबड्डीत पकड लागली. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात आईनं टाके घातले ते मी मोजले. चौदा झाले.

हे चौदा मला पुष्कळ वर्षं छळत होते. मग थॉमस फुलर नावाच्या एका इंग्रज वैद्याचा म्हणींचा संग्रह वाचनात आला, १७३२ सालचा. त्यात ही म्हण आहे, पण तिथे एक टाका नऊ टाके 'वाचवील कदाचित' असं आहे. फुलरनं 'कदाचित' घातलं होतं, नंतरच्या लोकांनी ते गाळलं. निवडणुकीच्या जाहीरनाम्याचंही असंच होत असावं, फक्त तिथे गाळायला मुळात 'कदाचित' नसतं. टाके नऊच का, तर 'टाइम'शी 'नाइन' बरं जुळतं म्हणून असणार. दुसरं कारण मला तरी सुचत नाही. यमकासाठी माणूस काहीही आकडा सांगतो.

पण माझं खरं भांडण झालं ते 'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस' या म्हणीशी. गडगडत्या दगडाला शेवाळ धरत नाही. चाचणीत अर्थ विचारला होता. मी पानभर लिहिलं की, माणसानं नेहमी हिंडतं-फिरतं राहावं, म्हणजे त्याच्या अंगाला शेवाळ लागत नाही, तो स्वच्छ राहतो आणि त्याच्यावरून कुणी घसरून पडत नाही. सरांनी त्यावर लाल शाईनं तिरपी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'शेवाळ म्हणजे संपत्ती.'

आमचं गाव राजापूर तालुक्यात. तिथे जुलैत शेवाळ म्हणजे संपत्ती असं कुणी चारचौघांत बोललं असतं तर त्याच्या डोक्यावर लिंबू पिळलं असतं. चिऱ्याच्या पायऱ्या, विहिरीचा काठ, गडगा, न्हाणीघराची वाट, सगळीकडे हिरवा मखमली थर. श्रावणात आई कमरेला पदर खोचून, ब्लीचिंग पावडर आणि खराटा घेऊन त्याच्यावर जी तुटून पडायची, ते बघून अफजलखानालाही घाम फुटला असता. आठ दिवसांत शेवाळ परत हजर. गावात संपत्ती इतक्या वेगानं वाढत असती तर आम्ही शाळेचं छप्पर नक्की शाकारलं असतं.

आणि गडगडणारे दगड? ते तर मुंबईत होते. निम्मं गाव गडगडत गिरणगावात जाऊन पडलेलं. कुणी गिरणीत, कुणी गोदीत. महिन्याला मनिऑर्डर यायची ती त्यांच्याकडून. जे दगड जागेवर राहिले, त्यांना शेवाळ सोडून काहीच धरलं नाही. गणपतीला हे चाकरमानी गावी यायचे, नवे बूट घालून ऐटीत पायऱ्या चढायचे आणि तिसऱ्या पायरीवर, संपत्तीवरून, सपशेल आडवे व्हायचे.

ही म्हण फार जुनी. इरॅस्मसनं पाचशे वर्षांपूर्वी ती आपल्या संग्रहात घातली, जॉन हेवूडनं १५४६ मध्ये इंग्रजीत नोंदवली. तेव्हा तिचा अर्थ सरांचाच होता: एका जागी टिकून न राहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पण पुढे इंग्रजी बोलणाऱ्या माणसांपैकीच बऱ्याच जणांनी ती माझ्यासारखी वापरायला सुरुवात केली, की फिरता राहील तो ताजा राहील. म्हणजे माझं उत्तर चूक नव्हतं. थोडं लवकर होतं, एवढंच. सर हयात असते तर मी तेवढे दोन गुण मागून घेतले असते.

बाकी म्हणी अशा भांडायला उभ्या राहिल्या नाहीत. मला नुसतंच हिरमुसलं करून गेल्या. 'अ‍ॅन अ‍ॅपल अ डे कीप्स द डॉक्टर अवे' घ्या. १८६६ साली वेल्समधल्या पेंब्रोकशरची म्हण म्हणून तिचं जुनं रूप कुणीतरी छापलं, त्यात झोपताना सफरचंद खाल्लं की डॉक्टरच्या भाकरीवर गदा येते असं होतं. आमच्याकडे क्रम उलटा. आधी डॉक्टर, मग सफरचंद. हर्नियाच्या ऑपरेशनला अण्णा आठ दिवस दवाखान्यात होते, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण अर्धा डझन सफरचंदं घेऊन आला. खाटेखाली एवढी साठली की राउंडला येणारे डॉक्टर जाताना एक उचलून, कोटाला पुसून, चावत पुढच्या खाटेकडे जायचे. रोज एक. दुसऱ्या कुठल्याही फळानं डॉक्टर इतका वेळेवर येत नसेल.

'यू कान्ट हॅव युवर केक अँड ईट इट' या म्हणीचं दुःख मला अजून नीट कळलेलं नाही. लाडू खाल्ला की संपतो, हे आमच्याकडे चार वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. त्यासाठी तो म्हण नाही करत, दुसरा लाडू मागतो.

'टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ' हिच्यासमोर 'बारभाईचा कारभार' लिहिलेलं असायचं. सर म्हणत, ब्रॉथ म्हणजे रस्सा समजा. समजलो. पण नारायणरावाच्या खुनानंतर हे बारभाई एकत्र आले ते राघोबादादाला गादीपासून लांब ठेवायला, आणि ते काम त्यांनी फत्ते केलं. राघोबा इंग्रजांकडे गेला, १७७५ मध्ये सुरतेला तह झाला, आणि १७७९ मध्ये वडगावला इंग्रजी फौजेनं शरणागती पत्करली. बारा आचारी होते खरे, पण रस्सा बिघडला तो दुसऱ्याचा. तरी नाव बारभाईंचंच वाईट! गाइडवाल्यांना एवढी एक जागा होती इंग्रजांना चिमटा काढायची, तीही त्यांनी घालवली.

पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा म्हणी परत भेटल्या, आणि या वेळी त्यांना पगार मिळत होता. ताबा दोन वर्षं लांबला. दर महिन्याला आम्ही बिल्डरच्या ऑफिसात जायचो आणि टाय लावलेला एक मुलगा दर महिन्याला हसून म्हणायचा, "सर, रोम वॉज नॉट बिल्ट इन अ डे." माझी हिंमत तिथेच खचायची, कारण म्हण बरोबर होती. तीन-चार महिन्यांनी ही म्हणाली, "अहो दादा, रोमवाले घरभाडं आणि कर्जाचा हप्ता एकदम भरत होते का?" त्यानंतर तो मुलगा फक्त पाणी विचारायचा.

त्याच फ्लॅटमध्ये एकदा म्युच्युअल फंडवाला आला. आई पुण्याला आलेली होती. तो मला सोडून तिलाच समजावत बसला, "आजी, सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवायची नसतात."

"आमच्याकडे अंडी चालत नाहीत," आई म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

तो गेल्यावर मी तिला म्हणीचा अर्थ सांगितला. ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "मग त्यात नवीन काय? बांगड्या तांदळाच्या डब्यात आहेत, पाटल्या जुन्या गोधडीच्या घडीत, गोठ मावशीकडे. कुड्या तेवढ्या कुळथाच्या डब्यात." त्या कुड्या एकदा कुळीथ दळायला गेले तेव्हा गिरणीपर्यंत जाऊन आल्या होत्या. गिरणीवाल्यानं डबा उपडा करताना खडे समजून बाजूला काढल्या. अंडी वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवली तर कुठली कुठे ते लक्षात ठेवावं लागतं, ही त्या म्हणीतली पुढची अडचण फंडवाल्याला माहीत नसावी. माझ्याकडे आता सात फंड आहेत आणि दोनांचे पासवर्ड हरवलेत.

चार वर्षांपूर्वी लेकीकडे इंग्लंडला गेलो. ती लीड्सला असते. एका रविवारी जावयानं यॉर्कशरच्या डोंगरांत फिरायला नेलं. दोन्ही बाजूंना दगडांचे बुटके गडगे, थेट आमच्यासारखे, आणि त्यांवर शेवाळ. दगड जागचे हललेले नव्हते. संपत्ती दिसत होती. एवढ्यात पाऊस आला, गेला, ऊन पडलं, परत पाऊस आला. तासाभरात चार वेळा. मला एकदम चाळीस वर्षांपूर्वीचा फळा दिसला. अरे, हे ते 'हे'! या देशात गवत कापलं की ते वाळेपर्यंत माणसाच्या जिवाला घोर. ऊन म्हणजे इथे पाहुणा. दारात दिसला की बसवून घ्यायचा. आमच्याकडे उन्हाची काय टंचाई? आमच्या मे महिन्यात कुरडया दुपारपर्यंत कडक होतात. चिंता असते ती कावळ्याची.

एका शेतात एक म्हातारे शेतकरी ट्रॅक्टरजवळ उभे होते. मला राहवलं नाही. गाडी थांबवून, गडग्याशी जाऊन, आठवीतल्या पाठांतराच्या सुरात मी त्यांना म्हटलं, "मेक हे व्हाइल द सन शाइन्स!"

त्यांनी माझ्याकडे, मग आभाळाकडे पाहिलं आणि शेताच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. तिथे काळ्या प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळलेले मोठाले गोल गठ्ठे पडले होते. गवत ओलसर असतानाच गुंडाळतो, ते म्हणाले, आत ते आंबतं, हिवाळ्यात गुरं आवडीनं खातात. वाळायची वाट कोण बघतो आता? ऊन असलं काय, नसलं काय.

जावई मला गाडीकडे घेऊन गेला. परतीच्या वाटेवर मी फारसं बोललो नाही.

हा उद्योग उलट्या बाजूनंही झालेला आहे. मॅनवेअरिंग नावाच्या एका पाद्र्यानं मराठी म्हणी गोळा करून इंग्रजीत उतरवल्या आणि १८९९ मध्ये ऑक्सफर्डला पुस्तक छापलं. ते वाचून तिकडच्या एखाद्या सद्गृहस्थानं नाचता न येणाऱ्या बाईच्या अंगणाचा किती विचार केला असेल! अंगण वाकडं कसं असेल, ती दिवाणखान्यात का नाचत नव्हती, तिला अंगणात नाचायला सांगितलं कुणी?

गेल्या ऑगस्टमध्ये गावी गेलो होतो. आईचं वय झालंय, खराटा आता माझ्याकडे. अंगणातलं शेवाळ घासता घासता पाय सरकला आणि मी ब्लीचिंग पावडरच्या डब्यासकट तुळशीपर्यंत घसरत गेलो. बसल्या जागेवरून मी शेवाळाला, चिऱ्याला, खराट्याच्या दांड्याला आणि शेवटी अंगणाला शिव्या घातल्या. पडवीतून आईचा आवाज आला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

आता तिला कोण सांगणार? अंगण खरोखरच वाकडं आहे. पाणी वाहून जावं म्हणून अण्णांनी तुळशीच्या बाजूला मुद्दाम उतार ठेवला होता.