आख्खं गिळ, चावू नकोस!

फिट्सवरचं टोपिरामेट हे औषध अमेरिकेत १९९६ साली मंजूर झालं. त्याचं तयार पातळ औषध मंजूर व्हायला २०२१ उजाडलं. गोळीची बाटली व्हायला पंचवीस वर्षं!

मधल्या काळात पोरांची सोय नव्हती असं नाही. कॅप्सूल उघडायची, आतले दाणे चमचाभर मऊ खाण्यावर भुरभुरायचे आणि घास न चावता गिळायचा. दोन-तीन वर्षांच्या पोराला ‘चावू नकोस हं’ म्हणून सांगायचं ज्या विद्वानाला सुचलं, त्याच्या घरी मूल नसावं. असलंच तर भरवायला दुसरं कोणी असावं. गोळी कुटून द्यावी, तर ती कडूजहर.

टोपिरामेटचं हे पातळ औषध फिट्ससाठी दोन वर्षांपासून चालतं, मायग्रेन टाळण्यासाठी मात्र बारा वर्षांपासून. तिथेही गंमत आहेच. आठ ते सतरा वयाच्या मुलांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१७ साली छापून आला. मायग्रेन कमी करण्यात टोपिरामेट बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. दुष्परिणामांत मात्र त्या गोळीला मागे टाकलं.

आपल्याकडे फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम यांची सिरपं सर्रास मिळतात. डॉक्टर पोराचं वजन करून मिलिलिटरचा हिशेब लिहून देतात. घरी आल्यावर तो हिशेब ट्रॉलीतल्या पोह्यांच्या चमच्याच्या हवाली होतो. लेव्हेटिरासेटामच्या नेहमीच्या सिरपात एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. चमचा दोन मिलिलिटरने ऐसपैस निघाला, की २०० मिलिग्रॅम जास्त पोटात. ‘थोडं जास्त गेलं तर काय होतंय, औषधच आहे,’ इति आजी.

फेनिटॉइनची बाटली तर न हलवता ओतली की सूड उगवते. औषध तळाशी बसतं. वरचे डोस पांचट, म्हणून फिट येते. तळाचे जहाल, म्हणून पोर झोकांड्या खात चालतं. मग डॉक्टर बदलतात, दृष्ट काढतात, फिट आली की कांदा नाहीतर चप्पल नाकाला लावतात. बाटली तेवढी कोणी हलवत नाही.

मापाच्या घोळावर उपाय काही रुपयांचा आहे: बिनसुईची सिरिंज. मागून बघा केमिस्टकडे. तो आधी विचारेल, ‘इंजेक्शन कुठलं देऊ?’