उरक्या मिस्त्री

उरक्या हे त्याचं खरं नाव नाही. पण खरं नाव सांगेल असा माणूस आता तीर्थपुरीत सापडायचा नाही. मोटार, नळ, पंखा, पत्रे, गिलावा, पडेल ते काम तो घेतो आणि तुमचा चहा उकळायच्या आत उरकतो. पकड, चिकटपट्टी आणि "काई होत नाई" एवढ्या तीन हत्यारांवर त्याचा धंदा चालतो.

आमचा तालुका घनसावंगी. १६०८ साली समर्थ रामदास जन्मले ते जांब याच तालुक्यातलं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात अक्षर कसं काढावं यावर समर्थांनी अख्खा समास घातलाय. पहिल्या अक्षराचं वळण ग्रंथ संपेपर्यंत टिकलं पाहिजे, इतकी त्यांची शिस्त. उरक्याचा पहिला जॉइंट समर्थांनीही पसंत केला असता: घट्ट पीळ, वर पट्टीचे पाच वेढे. दुसऱ्याला दोन. शेवटच्याला दुधाची पिशवी.

गेल्या उन्हाळ्यात तात्यांच्या उसातला पाइप निसटला. पाइप पुसून, कोरडा करून मग सोल्युशन लावायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. उरक्याने चिखलासकट बसवला, वर सुतळी आवळली, "अर्धा तास हात लावू नका" असं सगळ्यांना बजावलं आणि पाचव्या मिनिटाला स्वतःच स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. कारंजं बांधापलीकडे गेलं. नखशिखान्त भिजलेला उरक्या म्हणाला, "प्रेशर बाकी एक नंबर हाये, तात्या!"

पुण्याहून आलेला तात्यांचा भाचा वैतागून इंग्रजीत "स्लॅपडॅश!" म्हणाला, म्हणजे नुसती उरकाउरकी. उरक्याने अदबीने विचारलं, "कोन्त्या कंपनीचं? आपन साधीच पट्टी वापरतो."

गावात दुसरा मिस्त्री आहे. आयटीआय झालेला, आधी टेस्टर लावणार, मग पकड काढणार. पण तो येणार चौथ्या दिवशी. थ्री-फेजची पाळी रात्रीची, ऊस माना टाकतोय, आणि अकरा वाजता पहिल्या रिंगला फोन उचलतो तो उरक्या. पैशाचं विचारलं तर "द्या सावकाश." हिशेबही तो तसाच ठेवतो, त्याचा हा एकच ढिसाळपणा गावाने कधी बोलून दाखवला नाही.

तेव्हा तीर्थपुरीला आलात आणि रात्री-अपरात्री काही बिघडलं, तर उरक्यालाच बोलवा. फक्त स्टार्टरजवळ तुम्ही उभे राहा.