जावक क्रमांक टीएसएच

रक्ताचा रिपोर्ट सर्वांत शेवटी वाचतात ते डॉक्टर. त्याआधी आमचे हे वाचतात, जाऊबाई वाचतात, नगरच्या आत्याबाई वाचतात आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला की न्यू जर्सीचा भाचाही वाचतो, तिकडे मध्यरात्र असली तरी. वाचायची रीत ठरलेली आहे. साधी अक्षरं सोडायची, ठळक शोधायची. ठळक आकड्याशेजारी 'एच' दिसला की "अगं बाई!", 'एल' दिसला तरी "अगं बाई!" आणि काहीच ठळक नसलं की "ही लॅब बरी नाही, दुसरीकडे देऊ या."

माझं टीएसएच 6.8 आलं आणि शेजारी 'एच' होता. पुढे 0.4 ते 4.0 अशी मर्यादा छापलेली. टी-थ्री आणि टी-फोर साध्या अक्षरांत, म्हणजे कोणाच्या खिजगणतीतही नाहीत. तासाभरात ग्रुपवर निदान झालं आणि पथ्यही लागलं. कोबी बंद, फ्लॉवर बंद. सोयाबीन आमच्यात कधी येतच नव्हतं, पण तेही बंद. आत्याबाईंनी फोन करून विचारलं, "सूनबाई, हे सात म्हणजे दहापैकी का गं?"

हसू नका. घरातले सगळेच त्या आकड्याकडे गुणपत्रिकेसारखे बघत होते, विचारायचं धाडस फक्त आत्याबाईंनी केलं. गंमत अशी की टीएसएच हा थायरॉईडचा माल नाहीच. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या, जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो.

माझी सगळी नोकरी एका सरकारी खात्याच्या आवक-जावक शाखेत गेली, त्यामुळे हा कारभार मला अगदी घरचा वाटतो. पिट्युटरी म्हणजे साहेब. थायरॉईड म्हणजे गळ्यापाशी टेबल टाकून बसलेला कारकून. त्याचं काम एवढंच, की टी-फोर आणि थोडं टी-थ्री तयार करून रक्तात सोडायचं. काम मागे पडतंय असं दिसलं की साहेब स्मरणपत्र काढतात. ते स्मरणपत्र म्हणजे टीएसएच. कारकून ढिम्म राहिला तर स्मरणपत्र दोन, स्मरणपत्र तीन, मग अर्धशासकीय पत्र, मग लाल शाईत 'अतितात्काळ'. उलट कारकून मागितल्यावाचूनच कामाचा ढीग उपसत सुटला, तर साहेब पत्र पाठवायचंच बंद करतात आणि टीएसएच शून्याला टेकतं. म्हणून टीएसएच चढलं तर थायरॉईड मंद आणि टीएसएच उतरलं तर थायरॉईड भडकलेली. ही उलटी बाराखडी जाऊबाईंना अजून पटलेली नाही. "जास्त आलं म्हणजे जास्तच असणार ना, ताई?" असं त्या म्हणतात आणि चहा ओततात.

त्यात साहेब भलते तापट. रक्तातलं मोकळं टी-फोर निम्म्यावर आलं, तर टीएसएच शंभर पटींच्या घरात जाऊ शकतं. कारकुनाने जरा पेन खाली ठेवलं की इकडे टपालाचा पाऊस. म्हणूनच डॉक्टर आधी टीएसएच बघतात. टी-फोर मर्यादेबाहेर जाण्याच्या कितीतरी आधी साहेबांची कुरकुर ऐकू येते. माझ्या रिपोर्टाचा अर्थ एवढाच होता की काम होत होतं, पण स्मरणपत्रं काढून. याला सबक्लिनिकल हायपोथायरॉईडिझम असं भारदस्त नाव आहे. भाच्याने ते ग्रुपवर टाकलं आणि आत्याबाईंनी त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, गळा चाचपला, आवंढा गिळायला लावला आणि म्हणाले, "दोन-तीन महिन्यांनी परत करू. सोबत अँटी-टीपीओ बघू." आमचे हे खुर्चीच्या कडेवर आले. "म्हणजे गोळी नाही?" त्यांच्या आवाजात एवढे पैसे भरून रिकाम्या हाताने घरी जायचं दुःख होतं.

अँटी-टीपीओ ही तपासणी सांगते की आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या थायरॉईडवर उलटली आहे का. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरने 1912 साली चार बायकांच्या सुजलेल्या थायरॉईडचं वर्णन जर्मन भाषेतल्या नियतकालिकात छापलं आणि तो आजार त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. माझी अँटी-टीपीओ निरंक आली. निरंक हा आमच्या शाखेतला सर्वांत सुखाचा शेरा.

आता ती कंसातली मर्यादा. ती काही आकाशातून पडलेली नसते. निरोगी माणसांची रक्तं तपासायची, मधली पंचाण्णव टक्के धरायची आणि दोन्ही टोकांची अडीच-अडीच टक्के बाहेर काढायची, अशी ती सहसा ठरते. म्हणजे शंभर धडधाकट माणसं रांगेत उभी केली तर पाच जण ठळक अक्षरांत छापले जाणारच. शिवाय वय वाढतं तसं टीएसएच थोडं वर सरकतं. ऐंशीच्या पुढच्या ठणठणीत माणसातही सातच्या आसपासचा आकडा दिसतो, आणि छापील मर्यादा मात्र नातीची आणि पणजीची एकच. आत्याबाईंचं टीएसएच या वयात कोणी तपासलं तर नक्की 'एच' येईल, पण त्या तपासू देत नाहीत, हेच त्यांच्या तब्येतीचं रहस्य असावं.

2017 साली युरोपातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 65 वर्षांवरची, माझ्यासारखी सबक्लिनिकल असलेली 737 माणसं. काहींना थायरॉक्सिनची, म्हणजे टी-फोरचीच गोळी, काहींना दिसायला तशीच पण बिनऔषधाची. वर्षभराने गोळीवाल्यांचं टीएसएच छान खाली आलं. थकवा मात्र दोन्हीकडे सारखाच. आकडा सुधारला, माणूस होता तिथेच. हे मी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "पण आकडा तर सुधारला ना?" चाळीस वर्षं हिशेब तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय समजवायचं?

याचा अर्थ गोळी थोतांड आहे असा नव्हे. टीएसएच दहाच्या वर गेलं, टी-फोर खाली आलं, मूल हवं असलं, तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे हा आजार थोडाथोडका नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईसह आठ शहरांतल्या पाहणीत साधारण अकरा टक्के प्रौढांची थायरॉईड मंद निघाली होती. आणि गोळीने काय होतं ते बघायचं तर 1891 साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जायला हवं. जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका सुजलेल्या, मंदावलेल्या बाईला टोचला. ती बाई पुढे 28 वर्षं जगली. त्या काळी टीएसएच मोजताच येत नव्हतं. पुढेही कित्येक वर्षं डॉक्टर रोग्याला उपाशीपोटी झोपवून नळीतून श्वास घ्यायला लावत आणि तो किती ऑक्सिजन खर्च करतो ते मोजत, नाहीतर घोट्यामागच्या शिरेवर हातोडी मारून पाऊल किती सावकाश मागे येतं ते पाहत. रक्तातली ही चिमूटभर हार्मोन्स मोजायची युक्ती रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या रुग्णालयात शोधली. यालोबाईंना 1977 साली नोबेल मिळालं. बर्सन तोवर गेले होते.

खरी कादंबरी जाऊबाईंची. त्यांची गोळी अनेक वर्षांची. शंभर गोळ्यांची बाटली देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी, म्हणजे विसरायला नको. पण देवघरापर्यंत जायच्या आधी स्वयंपाकघर लागतं आणि स्वयंपाकघरात चहा. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर आणि चहा निदान अर्ध्या-पाऊण तासाने, असा नियम. जाऊबाईंची तडजोड अशी की गोळी चहाच्या पहिल्या घोटाबरोबर, "म्हणजे पोट तसं उपाशीच की." कॅल्शियमची गोळीही त्याच मुठीत. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यातच अडवतात, त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. परिणामी टीएसएच चढलेलं, डॉक्टरांनी डोस वाढवलेला आणि जाऊबाई पंधराव्या दिवशी पुन्हा लॅबमध्ये हजर.

पंधरा दिवसांत काय कळणार? टी-फोर रक्तात निम्मं व्हायलाच आठवडा घेतं, नवा डोस स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. आधी रवाना झालेली स्मरणपत्रं अजून वाटेत असतात. काम होऊन गेल्यावर येऊन पडलेली 'अतितात्काळ' पत्रं मी पोत्यांनी पाहिली आहेत.

पण कहर झाला तो यंदा. जाऊबाईंचं टीएसएच एकदम 0.05 आणि फ्री टी-फोर आभाळात. छातीत धडधड नाही, हात थरथरत नाहीत, वजन तर उलट वाढलेलं. तरी रिपोर्ट म्हणतो थायरॉईड भडकली. ग्रुपवर एकाच वेळी 'एच' आणि 'एल' बघून आत्याबाईंना वाटलं, बरोबरी झाली. डॉक्टर जरा थांबले आणि त्यांनी विचारलं, "केसांसाठी काही घेताय का?"

पर्समधून डबी निघाली. गोड जेलीच्या गोळ्या, वर लांबसडक केसांच्या मुलीचं चित्र, आत बायोटिन. बायोटिनची रोजची गरज तीस मायक्रोग्रॅमच्या आसपास. या डब्यांत ते पाच-दहा हजार मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने भरतात. अनेक यंत्रांमध्ये ही तपासणी बायोटिनच्याच चिकटपणावर चालते. रक्तात बायोटिन मुबलक झालं की यंत्र गोंधळतं, टीएसएच खोटं कमी दाखवतं आणि टी-फोर खोटं जास्त. जाऊबाईंची थायरॉईड जागच्या जागी होती, वेणी तपासणीच्या आड आली होती. गोळ्या थांबवून काही दिवसांनी रक्त दिलं आणि रिपोर्ट माणसात आला. केस होते तेवढेच राहिले, हे जाताजाता.

साहेब स्वतःच आजारी पडले तर? मग कारकून झोपलेला असतो आणि स्मरणपत्रही निघत नाही. टीएसएच नॉर्मल किंवा कमी, आणि टी-फोरही कमी. नुसत्या टीएसएचवर विसंबलं तर सगळं आलबेल वाटेल. गरोदरपणात आणखी वेगळी तऱ्हा. पहिल्या तीन महिन्यांत वारेतून एचसीजी नावाचं हार्मोन येतं, ते टीएसएचची सही हुबेहूब करतं, कारकून त्याचेही हुकूम मानतो आणि खरे साहेब जरा गप्प बसतात. माझ्या पुतणीचं टीएसएच तेव्हा खाली आलं आणि ग्रुपने तिला झोपू दिलं नाही. गरोदर बाईसाठी मर्यादा वेगळ्या धरतात, हे लॅबच्या कागदावर कुठेच नव्हतं.

माझी दुसरी तपासणी वेळेवर झाली. निळे हातमोजे घातलेला मुलगा सकाळी घरी आला, दंडाला पट्टा आवळून म्हणाला, "मूठ वळा काकू," आणि पिवळ्या टोपणाची नळी भरून घेऊन गेला. टीएसएच 4.6. डॉक्टर म्हणाले, "काही नको, वर्षाने बघू." ग्रुपवर शांतता पसरली. मग ह्यांनी लिहिलं, "अजून एच आहेच."

तुमच्याही घरी असा ग्रुप असणारच, म्हणून एवढं करा. रक्त दर वेळी साधारण एकाच वेळी, शक्यतो सकाळी द्या, कारण टीएसएच रात्री चढतं आणि दुपारी उतरतं. थायरॉईडची गोळी चालू असेल तर त्या दिवशीची रक्त दिल्यावर घ्या. जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका, त्यावर त्या वेळचा डोस लिहून ठेवा. आणि केसांच्या गोळ्यांची डबी डॉक्टरांना दाखवा, त्यांनी विचारलं नाही तरी.