चेंबरमधली मिसळ

ऑइल पारखण्याची आपल्याकडे एकच सर्वमान्य पद्धत आहे. डिप काढायची, टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बोटं हळूच लांब करून तार येते का ते पाहायचं, मग थेंब नाकाशी न्यायचा आणि शेवटी आभाळाकडे बघत म्हणायचं, "दम राहिला नाही." कळंबोली असो वा निगडीचं ट्रान्सपोर्टनगर, हा निकाल मिस्त्रीने दिला की त्यावर अपील नाही. आता एकतारी-दोनतारी ओळखण्याची ही विद्या बुंदीच्या लाडवांना चोख लागू पडते. इंजिनाची अडचण अशी की बोटांवरचं ऑइल तीस-पस्तीस अंशांचं असतं आणि बेअरिंगमधलं शंभराच्या आसपासचं. नेहमीचं १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना जितकं दाट असतं, त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकंच १०० अंशांना उरतं. म्हणजे बोटं ज्याला नापास करतात, तो उमेदवार त्या परीक्षेला बसलेलाच नसतो. रंगाचंही तेच. ऑइल काळं पडलं म्हणून हळहळणाऱ्याने फरशी पुसलेलं फडकं आठवावं. डिझेलची काजळी एकत्र गोळा होऊ न देता अंगावर धरून ठेवणारी द्रव्यं ऑइलात मुद्दाम घातलेली असतात. हजारो किलोमीटर पळूनही सोनेरी दिसणारं ऑइल हीच खरी काळजीची गोष्ट. माझं म्हणणं एवढंच आहे की ट्रकचं ऑइल निवडणं हे वाचण्याचं काम आहे, चव घेण्याचं नाही. आणि मिसळण्याचं काम तर कारखान्यात आधीच उरकलेलं असतं.

वाचायचं काय, तर डब्यावरची दोन कोडी. पहिलं १५डब्ल्यू-४०. पंधरा ते चाळीस अंश तापमानात चालणारं ऑइल, असा याचा अर्थ छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या हिशेबाने विदर्भात मे महिन्यात एकही ट्रक चालू नये. हे आकडे अंश नव्हेत, इयत्ता आहेत. चाळीस ही शंभर अंशांवरच्या दाटपणाची इयत्ता, मोजमापात १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक. डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि पंधराच्या इयत्तेत बसायचं तर ऑइलाने उणे २० अंशांना इंजिन फिरू द्यावं लागतं. निफाडचा पारा घसरला की वर्तमानपत्रांत द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचे फोटो येतात, पण तो घसरून घसरून घसरणार किती? तेव्हा हा डब्ल्यू आपल्या कामाचा नाही असं वाटतं. मात्र हिवाळ्यात लडाखला माल घेऊन निघालेल्या गाडीला विचारा. द्रासचा पारा उणे विसालाही जुमानत नाही. शिवाय इंजिनाची बरीचशी झीज सुरू होतानाच्या पहिल्या काही क्षणांतच होते, त्यामुळे थंड असताना चटकन वर चढणारं ऑइल नाशकातही वाया जात नाही. दुसरं कोडं अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेचं, म्हणजे एपीआयचं: सीएच-४, सीआय-४, सीजे-४, सीके-४. सी हे व्यापारी गाड्यांचं अक्षर, ४ म्हणजे फोर-स्ट्रोक, आणि मधलं अक्षर नव्या नियमांबरोबर पुढे सरकतं. सीआय २००२ चं, सीजे २००६ चं, सीके २०१६ चं. आपली बाराखडीही इतक्या सावकाश कोणी शिकत नाही.

आता डब्याच्या आत डोकावू. ऑइल म्हणजे जमिनीतून काढलं आणि डब्यात भरलं, असा प्रकार नाही. पायाचं तेल, त्यात काजळी धरणारी द्रव्यं, आम्ल मारणारे कॅल्शियमचे क्षार, झीज रोखणारं जस्त, फेस बसवणारं काहीतरी आणि गरम झाल्यावर फार पातळ होऊ न देणारे लांबलचक पॉलिमर. मिश्रणाची ही हौस जुनीच. चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ मध्ये आपल्या नव्या ऑइलात एरंडेल घातलं आणि कॅस्टर ऑइलवरून त्याला कॅस्ट्रॉल हे नाव दिलं. जे घ्यायचं म्हटलं की मराठी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडं वाकडी केली, ते इंजिनांनी विनातक्रार घेतलं. सांगायचा मुद्दा असा की डबा फोडता तेव्हा हातात येतं ते कच्चं सामान नसून तयार आमटी असते. गोडा मसाला घातलेल्या आमटीत वर मालवणी मसाला आणि चवीपुरता सांबार मसाला घालणाऱ्याला घरात कोणी प्रयोगशील म्हणत नाही. गॅरेजात मात्र तोच माणूस जाणकार ठरतो: चार लिटर या कंपनीचं 'पकडीसाठी', सहा लिटर त्या कंपनीचं 'थंडाव्यासाठी', आणि वरून जाड पाकासारख्या टॉनिकची बाटली 'रिंगांसाठी'.

या मिसळीतला सगळ्यात लोकप्रिय पदार्थ म्हणजे नव्वद नंबर. गाडी निळा धूर टाकते, ऑइल खाते, रिंगा गेल्यात. मग चेंबरमध्ये थोडं गिअर ऑइल ओता, चाळीसपेक्षा नव्वद दुपटीहून जाड! हिशेब बिनचूक, फक्त पट्ट्या वेगळ्या. गिअर ऑइलची मोजपट्टी निराळी आहे, आणि तिच्यावरचं नव्वद इंजिन ऑइलच्या चाळीस-पन्नासच्या जवळपासच येतं. शाळेतल्या दहावीची आणि संगीताच्या दहाव्या धड्याची तुलना करावी तसं हे. म्हणजे जाडी मिळाली जेमतेम, आणि सोबत आलं भरपूर गंधक, जे गिअरच्या दात्यांना मानवतं पण तापल्यावर पितळ-काशाच्या बुशांना खाऊ लागतं. दोन ऑइलांच्या दाटपणाची साधी सरासरीही निघत नाही. निम्मं-निम्मं घेतलं तरी मिश्रण मध्यावर न थांबता पातळाच्या बाजूला कलंडतं. यावर हमखास उत्तर येतं, "पण प्रेशरचा काटा वर गेला ना!" गेला असेल. ऑइल जाड झालं की वाट अडते आणि काटा चढतो. बेअरिंगपर्यंत ते जास्त पोहोचलं असा त्याचा अर्थ नाही. बीपी वाढलं म्हणून तब्येत सुधारल्याचे पेढे कोणी वाटत नाही.

मिसळवाद्यांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. प्रमाणित ऑइल दुसऱ्या प्रमाणित ऑइलात फुटता कामा नये, अशी चाचणीच असते. मग मिसळायला हरकत कशाला? खरं आहे, फुटत नाही. पण लग्नाच्या पंगतीत दोन व्याही शेजारी बसून भांडले नाहीत म्हणून त्यांना भागीदारीत दुकान काढून द्यावं, असं होत नाही. चाचणी एकत्र नांदण्याची आहे. दोघांच्या द्रव्यांचं प्रमाण जुळण्याची हमी त्यात नाही. म्हणून रात्री दोन वाजता कसारा घाटाखाली डिप खालच्या खुणेच्याही खाली दिसली, तर धाब्याशेजारच्या टपरीवर मिळेल ते डिझेल इंजिनचं सीलबंद ऑइल खुशाल ओतावं. परकं ऑइल परवडतं, कोरडं बेअरिंग नाही. नेम धरून, दर सर्व्हिसिंगला, गुप्त प्रमाणात केलेल्या मिसळीला माझा विरोध आहे. "आमच्या गाड्यांना वीस वर्षं हेच घालतो, काही झालं नाही," हाही पुरावा नव्हे. इंजिन झिजून एक दिवस बसतं, तेव्हा दोष डिझेलला, रस्त्याला, नव्या ड्रायव्हरला किंवा आधीच्या मिस्त्रीला जातो. मिसळीचं नाव पंचनाम्यात येतच नाही. लिंबू-मिरचीबद्दल मी मुळीच बोलणार नाही. ती बंपरच्या बाहेर राहते आणि तिचा कुठल्याही द्रव्याशी संयोग होत नाही.

"मग सगळ्यात महागाचं घालतो, झालं?" तसंही नाही. जुन्या बीएस-३ गाडीला साधं सीआय-४ पुरत असेल, तर जास्तीचा पैसा पुष्कळदा नुसता मिरवायचा. उलट १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाडीत तेच सीआय-४ घातलं तर काटकसर अंगाशी येते. तिच्या धुराड्यात काजळी गाळणारं डीपीएफ असतं. काजळी तिथे जळून जाते. ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, साचत राहते. म्हणून सीजे आणि सीके ऑइलांत राखेवर १ टक्क्याची मर्यादा आहे. हे सगळं गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात छापलेलं असतं, आणि ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, शोरूममधून निघालं त्याच कोऱ्या अवस्थेत असतं.

ते उघडलं जात नाही, कारण निवड आधीच झालेली असते. काही डब्यांच्या झाकणाखाली मिस्त्रीसाठी कूपन असतं. दुकानदाराकडे एका कंपनीची उधारी चालू असते. आणि शेटजींच्या घरून निरोप असतो की वीस लिटरची बादली रिकामी झाली की घरी पाठवा. बादलीचा निकष मात्र खराच कडक. दांडी जाड हवी, झाकण घट्ट बसायला हवं, रंग न्हाणीघराच्या टाइल्सला शोभायला हवा. साबणाने चारदा, राखेने दोनदा घासली तरी पुढचे दोन महिने आंघोळीच्या पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगतं.